अकोटहून निघालेला प्रश्न

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाकडंतिकडं येईल, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. त्यानंतर बसच्या पाट्या वाचणं आणि पगाराच्या कागदावर सही करणं, एवढंच लिहिणं-वाचणं राहिलं.

अकोट भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी अठरा वर्षं झाडलोट केली. आमचे तेव्हाचे ठाणेदार साहेब आता निवृत्त आहेत. अमरावतीला मुलाकडे राहतात आणि सकाळी आपल्या जुन्या केसेस वहीत लिहून काढतात. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"बाई, ती नेटची केस मी चार वेळा लिहायले घेतली. दरवेळी अर्ध्यात अडकतो. पुढचं तुमच्याजवळ हाये. तुमी लिहा."

"जी," मी म्हटलं.

चार माणसांत माझ्या तोंडून याहून मोठा शब्द निघत नाही. वहीपुढे मात्र लाज वाटत नाही. म्हणून लिहिते. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कोणाचंही नाव घालत नाही.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. कापसाच्या जिनिंग सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत आमच्याकडे हवेत रुई तरंगत असते. मी ठाण्याचा ओटा झाडत पुढे जायची आणि मागे वळून पाहिलं की झाडलेल्या जागेवर पुन्हा पांढरे पुंजके येऊन बसलेले. उन्हात ते हळूहळू खाली यायचे, वारा आला की पुन्हा वर जायचे. ते पाहत उभं राहिलं की आपण जागे आहोत की झोपेत, ते कळत नसे.

त्या रुईतून दोन बाया धावत आल्या. पुढे होती समोरच्या सेवा केंद्रातली पोरगी. ठाण्याच्या रस्त्यापलीकडे तिचं केंद्र होतं. दाखले, बिलं, फॉर्म, सगळं ती कॉम्प्युटरवर करून द्यायची. ठाण्याचं काम आटोपलं की तिचंही दुकान मीच झाडायची. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिच्या मागे फूलवाल्या काकू होत्या. त्यांचा झेंडूचा मळा. त्यांच्या नातीचा अमरावतीला नर्सिंगला नंबर लागला होता आणि फी भरायला त्या केंद्रात आल्या होत्या. पोरीनं बँकेचं पान उघडलं, काकूंनी मोबाइलवर आलेला नंबर तिला दाखवला, तिनं तो टाकला. फी भरल्याचा कागद आला नाही. दसऱ्याच्या फुलांचे खात्यात होते तेवढे सगळे पैसे मात्र गेले.

"साहेब, मी बँकेच्याच पानावर होती," पोरगी म्हणत होती. "माया डोळ्यानं पाह्यलं. तेच पान, तेच चित्र, तेच रंग."

काकू ओट्यावर बसल्या आणि पदराला चिकटलेली रुई एकेक करून काढत राहिल्या.

ठाणेदार साहेबांनी तक्रार लिहून घ्यायच्या आधी हेल्पलाइनला फोन लावला, मग बँकेला. ते नेहमी सांगायचे, अशा केसमध्ये पहिला तास महत्त्वाचा, कागद मागून होतात. संध्याकाळपर्यंत कळलं की पैसे दुसऱ्या राज्यातल्या एका खात्यात पोचले होते आणि तिथे गोठवले गेले होते. कोणी काढू शकत नव्हतं. पण कोर्टाच्या हुकमाशिवाय काकूंनाही मिळणार नव्हते. साहेबांनी कॉलेजला पत्र दिलं, त्यांनी फी दोन हप्त्यांत घ्यायचं कबूल केलं. दिवाळीच्या फुलांवर पहिला हप्ता निघाला. म्हणून नातीची जागा वाचली.

वाचायची राहिली होती ती केंद्रातली पोरगी.

दुसऱ्या दिवशी साहेबांना खबर मिळाली. खबर देणारा नाक्यावरचा पानठेलेवाला. मी बाहेर खिडकीचे गज पुसत होते.

"साहेब, पोरीनं दसऱ्याले नवी स्कूटी घेतली. रोख."

"तुले कसं माहीत?"

"आता शोरूमवाला मायाच ठेल्यावर पान खाते. मी तं फक्त कानावर घातलं. माया कोनाशी काई दुश्मनी नाई."

ज्याची दुश्मनी नसते तो हे वाक्य म्हणत नाही, असं साहेबच एकदा हवालदारांना सांगत होते. पण स्कूटी खरी होती, रोखीनं घेतली हेही खरं होतं. भावानं आणि तिनं मिळून दोन वर्षं साचवलं, असं ती म्हणाली. साहेबांनी वहीत टिपलं आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

इथे माझी एक गोष्ट सांगते. साहेब माणसाचे डोळे पाहतात, हात पाहतात. माझी नजर खाली असते म्हणून मी चपला पाहते. ठाण्यात येणारा माणूस दारात चपला कशा सोडतो, ते मी अठरा वर्षं पाहिलं. ज्याच्या मनात काही असतं त्याच्या चपला जोडीनं, दाराकडे तोंड करून असतात. पाय घातला की चालता येईल अशा. ज्याच्या मनात काही नसतं त्याची एक इकडे, एक तिकडे. त्या पोरीची एक चप्पल पायरीवर उलटी पडली होती आणि दुसरी खाली मातीत. मी दोन्ही उचलून सरळ ठेवल्या. पण ही गोष्ट कोणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी अकोल्याहून सायबरचे साहेब आले. बारीक चणीचे, हळू बोलणारे. त्यांनी केंद्राचा पंचनामा केला, तिथली नेटची काळी पेटी तपासली, सील केली आणि ठाण्यात आणून टेबलावर ठेवली. मग ठाणेदार साहेबांच्या खोलीत चौकशी सुरू झाली. महिला शिपाई शेजारी बसली होती. मी पाणी घेऊन गेले आणि ट्रे हातात धरून भिंतीशी उभी राहिले. मला जा असं कोणी म्हटलं नाही. मी उभी आहे हे बहुतेक कोणाच्या लक्षातच येत नाही.

ठाणेदार साहेब म्हणाले, "मले आधी साध्या भाषेत सांगा. झालं काय?"

सायबरचे साहेब म्हणाले, "आपण बँकेचं नाव टाइप करतो. कॉम्प्युटरला नावावरून काही कळत नाही. तो आधी एक प्रश्न पाठवतो, या नावाचं घर कुठं आहे? प्रश्न कोणाकडे न्यायचा ते नेटच्या पेटीत लिहिलेलं असतं. उत्तर देणारा एक सर्व्हर असतो. तो पत्ता सांगतो, मग पान उघडतं. आपल्याकडचे प्रश्न जवळपासच जातात. नागपूर, मुंबई. पापणी लवायच्या आत उत्तर येतं. हिच्या केंद्रातला प्रत्येक प्रश्न मात्र समुद्रापार जात होता."

त्यांनी लॅपटॉप फिरवला. नकाशावर एक रेघ होती. अकोट, अकोला, मुंबई आणि मग निळ्या पाण्याखालून लांब, लांब. शेवटी एक ठिपका.

"इथे आता रात्र आहे," ते म्हणाले. "तिथे बसलेला सर्व्हर बाकी सगळे पत्ते खरे सांगतो. बँकेचं विचारलं की खोटा पत्ता देतो. तिथं हुबेहूब बँकेसारखं पान करून ठेवलेलं."

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. मी अमरावती-अकोल्याच्या पलीकडे कधी गेले नाही. आमच्या गल्लीतून, रुईच्या एका पुंजक्यासारखा, काकूंचा प्रश्न निघाला होता. बँकेचं घर कुठं आहे हो? बँक नाक्यावरच होती, पानठेल्याच्या बाजूला. पण तो प्रश्न बाजारावरून, जिनिंगच्या पत्र्यांवरून, केळीच्या बागांवरून गेला, काळ्या पाण्याखालून गेला आणि एका परक्या गावात, रात्रीच्या अंधारात, कोणाचं तरी दार वाजवून विचारू लागला. त्या माणसानं झेंडू पाहिला असेल का? त्यानं हसून चुकीच्या दिशेला बोट दाखवलं, आणि तो भोळा प्रश्न 'बरं' म्हणून तसाच परत आला. हे सगळं काकूंनी चष्मा पुसायच्या आत झालं. माझ्या हातातला ट्रे कधी तिरपा झाला कळलं नाही, ग्लास घरंगळला.

"बाई, लक्ष कुठं हाये?" ठाणेदार साहेब म्हणाले.

"जी," मी म्हटलं.

चौकशी पुढे चालली. सायबरचे साहेब म्हणाले, पान उघडताना लाल रंगात इशारा यायला हवा होता. आला का?

"तो तं रोजच येते, साहेब," पोरगी म्हणाली. "माया कॉम्प्युटरचा घड्याळीचा सेल गेला. तारीख चुकली की तसं येते. मी 'तरीही पुढे जा' करते."

"रोज?"

"रोज. गिऱ्हाईक उभं राहते ना. काहून थांबवून राहिली म्हणून कावते."

सायबरच्या साहेबांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी पेटीचा फोटो पुढे केला. ही पेटी चार वर्षं चालू होती, पण तो समुद्रापारचा पत्ता सोडला तर आतल्या सेटिंग खोक्यातून आत्ताच काढल्यासारख्या कोऱ्या होत्या. कंपनीचा मूळ पासवर्ड, बाहेरून कोणीही आत येईल असं दार उघडं. कोणीतरी ती पेटी मुळापासून पुसली होती.

"मागे हे बारीक भोक आहे," ते म्हणाले. "यात काडी घालून दहा-बारा सेकंद दाबून धरावं लागतं. चुकून होत नाही. माहीतगार माणूसच करतो. केंद्रात माहीतगार तूच आहेस. कधी पुसली?"

"मी नाई पुसली, साहेब. खंडेनवमीले नेट बंद पडलं, केबलवाला आला, चालू करून गेला. मले एवढंच माहीत."

"मग भोकात काडी घातली कोणी?"

पोरगी रडू लागली. ठाणेदार साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. ते पेन असं ठेवलं की अटकेचे कागद निघतात, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं.

ती काडी मी घातली होती.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्याराची पूजा करतात. ज्याचं पोट ज्याच्यावर, ते त्या दिवशी धुऊन-पुसून पाटावर मांडायचं. ठाण्यात बंदुका मांडतात, जिनिंगमध्ये मशिनी, मी माझा खराटा. केंद्रात पोरीनं कॉम्प्युटर मांडला, प्रिंटर मांडला आणि नेटची पेटीही खाली उतरवून ठेवली. दिवे लुकलुकत होते म्हणून ती देवासारखीच दिसत होती. वरून काकूंच्या मळ्यातल्या झेंडूचा हार घातला. पोरगी पेढे आणायला गेली. मी हळदीकुंकू लावलं. कुंकू ओलं होतं, ओघळ त्या बारीक भोकात गेला. पोरीची वस्तू खराब होईल म्हणून मी उदबत्तीची काडी उलटी करून कुंकू कोरून काढलं. चांगलं नीट, सावकाश कोरलं. पेटीचे सगळे दिवे विझले आणि मग एकेक करून पुन्हा उजळले. मला वाटलं, देवीनं डोळे मिटून उघडले. मी हात जोडले.

खोलीतून मी बाहेर आले. ओट्यावर रुई उडत होती. सांगितलं तर माझं काम जाईल, कदाचित मलाच धरतील. नाही सांगितलं तर ती पोरगी आत जाईल. माझी नजर नेहमीसारखी दाराकडे गेली. पोरीच्या चपला त्या दिवशीही एक इकडे, एक तिकडे होत्या. आणि माझ्या? माझ्या जोडीनं ठेवलेल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. सकाळीच तशा ठेवल्या गेल्या होत्या, माझ्याही नकळत.

मी परत आत गेले. तोंड उघडलं, पण शब्द येईना. खोलीत मारुतीच्या फोटोपुढे उदबत्तीचं घर होतं. मी त्यातली जळून गेलेली काडी उचलली. भिंतीवर ठाण्याचीही तशीच काळी पेटी होती, त्याच केबलवाल्यानं बसवलेली, मी रोज पुसायची ती. मी स्टुलावर चढले, काडी भोकात घातली आणि कोरू लागले.

"अवो बाई, काय करून राहिल्या?" ठाणेदार साहेब ओरडले.

"थांबा," सायबरचे साहेब म्हणाले. "करू द्या."

दिवे विझले. मग एकेक करून उजळले. बाहेरून ठाणे अंमलदारांचा आवाज आला, "नेट गेलं! अर्धा गुन्हा भरला होता मी! कोनं हात लावला?"

"कुंकू गेलं होतं," मी म्हटलं. "खंडेनवमीले. तिच्या पेटीत. मी काढलं. तिनं नाई." अठरा वर्षांत त्या खोलीत एवढं मी पहिल्यांदा बोलले.

पोरगी माझ्याकडे पाहत होती. सायबरचे साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "आता केबलवाल्याला बोलवा. त्याला काही सांगू नका. तो त्या दिवशी जे करून गेला, तेच करू द्या."

केबलवाला आला. स्टुलावर चढला, मोबाइलवर दोन मिनिटं बोटं फिरवली, खाली उतरला. "चालू झालं ना? मंग झालं."

"पासवर्ड बदलला का?" सायबरच्या साहेबांनी विचारलं.

"तो कायले बदलाचा? मंग लोक इसरतात अन् मलेच फोन करतात. दुरुस्त केलेल्या आपल्या सगळ्याच पेट्या अशाच हायेत." तो चहा पिऊन गेला.

सायबरच्या साहेबांनी ठाण्याचे सगळे कॉम्प्युटर बंद ठेवायला लावले. फक्त त्यांचा लॅपटॉप पेटीकडे पाहत राहिला. ते म्हणाले, "आता कोणी काही करायचं नाही. बसून राहायचं."

आम्ही बसलो. पोरगी बाकावर, मोबाइल साहेबांच्या ताब्यात. ठाणेदार साहेब खुर्चीत. मलाही त्यांनी स्टुलावर बसायला सांगितलं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले होते. ऊन खिडकीतून आत येऊन फरशीवर सरकत गेलं. रुईचा एक पुंजका आत आला, टेबलावर उतरला, पुन्हा उठला. पंखा घरघरत होता. मला त्या लांबच्या गावातला अंधार दिसत होता. तिथून कोणी निघालं असेल का? समुद्राखालून येत असेल का? मारुतीच्या फोटोकडे पाहत मी मनात म्हणत होते, ये बाबा. यायचं तर आता ये.

ऊन टेबलाच्या पायापाशी पोचलं तेव्हा सायबरचे साहेब पुढे वाकले.

"आला."

आम्ही सगळे उठलो. पेटीतला उत्तर देणाऱ्याचा पत्ता आपोआप बदलला होता. नकाशावर तीच रेघ, तोच ठिपका. पेटीला कोणी हात लावला नव्हता. पोरीच्या हातात रिकामा कप होता.

"हा माणूस नाही," साहेब म्हणाले. "यंत्र आहे. रात्रंदिवस जगभरच्या पेट्यांची दारं वाजवत फिरतं. जे उघडं सापडेल त्यात शिरतं. त्याला ना अकोट माहीत, ना ही पोरगी."

ठाणेदार साहेबांनी पेन उचलून खिशाला लावलं. पोरीला म्हणाले, "जा घरी. अन् तो घड्याळीचा सेल टाक पयले." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता. ते म्हणाले, "बाई, तुमी आधी काहून नाई बोलल्या?"

"मले कोनी इचारलं नाई, साहेब."

मला वाटतं, त्यांची वही दरवेळी याच ठिकाणी अडकत असावी.

पोरगी बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडली. "मावशी, तुमी तं देवाले आंघोळ घातली अन् मले नागवलं असतं व!" म्हणाली आणि रडता रडता हसली. दुसऱ्या दिवसापासून केबलवाला शिपायासोबत घरोघर फिरून पेट्यांचे पासवर्ड बदलत होता आणि ज्याला त्याला माझं नाव सांगून कुरकुरत होता.

या केसनं मला काय शिकवलं, ते साहेबांनी लिहायला सांगितलं आहे. मला मोठं काही लिहिता येत नाही. एवढंच वाटतं की वाईट करणारा दरवेळी समोर बसलेला नसतो. कधी तो इतका लांब असतो की त्याच्याकडे रात्र असते, आणि त्याला आत घेणारा हात मायेनं कुंकू पुसत असतो. अजूनही मी कोणाला रस्ता विचारते तेव्हा सांगणाऱ्याचं तोंड नीट पाहते. आणि मला कोणी विचारलं तर चार पावलं सोबत जाऊन दाखवते.

कोर्टाचा हुकूम यायला वेळ लागला. झेंडूचं एक पीक गेलं, दुसरं लागलं. मग एका सकाळी मी केंद्राचा ओटा झाडत असताना फूलवाल्या काकू आल्या. हातात मोबाइल. त्यांना वाचता येत नाही. पोरगी यायची होती.

"बाई, पाह्य बरं व. बँकेचं काहीतरी आलं. मले भेव वाटते."

मी हात पदराला पुसले. अक्षरं बारीक होती. मी एकेक आकडा बोटानं धरून वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. कुठेही चुकत नव्हतं.

"अवो, किती आले?" काकूंनी विचारलं. "अर्धे तरी?"

रस्त्यावर माणसं होती, पानठेल्यावर चौघं उभे होते. मला लाज वाटली नाही. मी मोठ्यानं सांगितलं,

"सगळे. सगळेच्या सगळे आले, काकू."